सहा पिलं आणि ह्यांचं शेकायचं पॅड

लोणी काळभोर,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

चि. मैनास,
तुळजाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावामागे गं. भा. लिहायचं असतं असं सूनबाई म्हणाली. माझ्या भावाची बायको मला नुसती मैना म्हणून माहीत आहे, तेवढं पुरे आहे, असं मी तिला सांगितलं.

पत्र घेऊन आलेला भैरू आपल्या गावचा भाजीचा टेम्पोवाला. दर गुरुवारी तुमच्या विश्रांतवाडीच्या बाजारात माल टाकतो. त्याच्याजवळ एक खोकं दिलं आहे. घाबरू नकोस, आत सहा पिलं आहेत, चार दिवसांची. परवा मुंगसाने कोंबडी नेली आणि ही मागे राहिली. इथे बल्ब लावून ऊब द्यावी तर लाइट दिवसातून तीनदा जाते. तुझ्याकडे लाइट असते, आणि श्यामचं पाठ शेकायचं विजेचं पॅड आहे. ते कपाटात पडून काय करणार? फ्रीजमधली जाळी विटांवर ठेव, तिच्यावर पॅड पसर. पिलं खाली आपोआप शिरतील, आईच्या पंखात शिरतात तशी. पाणी उथळ ताटलीत ठेव आणि त्यात खडे टाक, नाहीतर बुडून मरतात. खायला कण्या.

आठच दिवसांचा प्रश्न आहे. मी बार्शीला लग्नाला निघाले आहे, आले की घेऊन जाते. सगळ्या तलंगा आहेत, पुढे कोंबड्याच होणार. आरवणारं कोणी नाही. अंडी बसवतानाच मी गोल गोल निवडली होती. कोंबडे टोकदार अंड्यांतून निघतात. साठ वर्षांत माझं चुकलेलं नाही.

तुझा लेक दिगू तुला पाडव्याला वाघोलीला त्याच्या घरी नेऊन ठेवणार असं ऐकलं. पिलं टाकून कुठे जाऊ नकोस.

फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही, आणि सूनबाई स्पीकर लावते तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू येतं.

आशीर्वाद आहेतच. कमी पडले तर भैरूकडे निरोप दे.
तुळजाअक्का


विश्रांतवाडी, पुणे,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप तुळजावन्सं यांस,
मैनेचा शि. सा. न. वि. वि. इकडे मी आणि सहाजणी खुशाल आहोत.

वन्सं, सध्या पौष चालू आहे. पौषात लग्नं लागत नाहीत. चौथी शिकलेल्या मलाही कॅलेंडर वाचता येतं, मग बार्शीकरांना कसं येत नाही? पण पिलं आली ती आली. मागच्या खोलीत ह्यांच्या पलंगाखाली टीव्हीचं खोकं ठेवलं आहे, त्यात तुम्ही सांगितलंत तशी विटा, जाळी आणि पॅड. खाली रोजचा पेपर अंथरते, मात्र आधी वाचून. न वाचलेला पेपर त्यांच्या पायाखाली द्यायला मन होत नाही.

एक गोष्ट तुम्हालाच सांगते. पॅडचं कव्हर मी तीन वर्षं धुतलं नव्हतं. त्याला ह्यांच्या बामाचा वास होता. दर महिन्याला धुवायला काढायची आणि घडी घालून परत ठेवायची. पिलांनी पहिल्याच दुपारी माझा प्रश्न सोडवला. कव्हर धुतलं. वाळत घातलं तेव्हा थोडी रडले, मग आत चिवचिव वाढली म्हणून डोळे पुसून आत गेले.

आता अडचण. पॅडला ऊब कमी-जास्त करायची सहा घरं आहेत, सध्या सहावर ठेवलं आहे. पण ते दीड तासाने आपोआप बंद होतं. माणूस शेकता शेकता झोपला तर भाजू नये म्हणून तशी सोय आहे, असं माहितीपत्रकात वाचलं. म्हणजे दर दीड तासाने उठून बटण दाबायचं. मोबाइलवर गजर लावून ठेवले आहेत.

आमचे सोसायटीचे सेक्रेटरी रंगराव तुम्हाला आठवत असतील. ही इमारत त्यांच्या वडिलांच्या शेतात उभी आहे, आणि ते अजून शेत राखत असल्यासारखेच वागतात. जिन्यात त्यांची नवी पाटी आहे: चप्पल काढताना भिंतीला हात लावू नये, भिंत आपल्या आधारासाठी बांधलेली नाही. दुसरी पाटी प्राण्यांची. कमिटीच्या परवानगीशिवाय पाळू नयेत. त्यामुळे पिलं गुपचूप आहेत. वर त्यांच्याच घरी यमुनाबाईंनी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. मला बोलावणं नसतं, त्याचा यंदा फायदाच झाला. चाळीस बायका दुपारभर बोलत होत्या, पिलं कितीही ओरडली तरी कोणाला ऐकू गेलं नाही.

लग्न आटोपून लवकर यावं. तिळगूळ भैरूबरोबर धाडला आहे, त्याने वाटेत खाल्ला नसेल तर गोड मानून घ्यावा.
आपली,
मैना


लोणी काळभोर,
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

चि. मैनास,
आशीर्वाद.

लग्न नव्हतं, बघण्याचा कार्यक्रम होता. तोही मोडला. त्या धक्क्याने माझे गुडघे धरले आहेत, त्यामुळे पिलं न्यायला येणं सध्या जमत नाही.

दर आठवड्याला पॅड एक घर खाली आण. एकदम काढलंस तर मरतील आणि कायम ठेवलंस तर अंगाला पिसं धरणार नाहीत. ऊब हळूहळू काढायची असते.

कव्हरचं वाचलं. श्याम दुसरीत असताना पिलू सदऱ्यात घालून शाळेत गेला होता. पाढे म्हणताना ते ओरडलं. गुरुजींनी विचारलं तर याने सांगितलं की पोटात भूक ओरडते आहे. गुरुजींनी त्याला घरी जेवायला धाडलं. तेव्हा तुझ्याही घरातून काही आवाज आला तर काहीतरी सांगता येतंच.

तिळगूळ पोचला. अर्धा.
तुझी भरवशाची नणंद,
तुळजाअक्का


विश्रांतवाडी,
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि. पिलं जोमात, मी मात्र गोत्यात.

तुमचा सल्ला मानला. यमुनाबाईंनी जिन्यात धरून विचारलं, तुमच्या घरात सारखं काय वाजतं? मी मोबाइलचा गजर म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, दिवसभर? मी म्हटलं, हो, दिवसभर. पुढे सोसायटीची सभा झाली, चांगली साडेतीन तास. मी मधून दोनदा उठून घरी जाऊन आले. दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी साखरेच्या डॉक्टरांचं कार्ड आणून दिलं, आणि तेवढ्यावर न थांबता दिगूला फोन केला. तुमच्या आई गजर लावतात आणि बंद करायला विसरतात, सभेतून उठून जातात, एकट्याच घरात कोणाशी तरी बोलत असतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, काय सांगू!

दिगू रविवारी आला. सगळ्या तपासण्या करून आणल्या. साखर नाही, रक्तदाब नाही, रक्त कॉलेजातल्या मुलीसारखं आहे. तरी त्याचं ठरलं आहे. पाडव्याला गाडी घेऊन येणार, मला वाघोलीला अकराव्या मजल्यावर नेणार, इकडचं घर भाड्याने देणार. त्याची बायको ऋतुजा चांगली मुलगी आहे, मला काही कमी पडू देणार नाही. पण वन्सं, तिथे खिडकीतून फक्त दुसऱ्या खिडक्या दिसतात. इथे मागच्या दारी ह्यांनी लावलेला कढीपत्ता आहे, मी सकाळी त्याच्यापाशी चहा पिते. एवढंच. पण एवढंच सोडून गेले तर मग ह्यांचं म्हणून माझ्याकडे काय उरतं, हे दिगूला समजेल असं मला सांगता आलं नाही. मी गप्प बसले आणि त्याने तो होकार धरला.

खरं सांगावं तर म्हणेल, त्रेसष्टाव्या वर्षी आई पलंगाखाली कोंबड्या लपवते. न सांगावं तर विसरभोळी ठरतेच आहे. तो बसला होता त्याच पलंगाखाली सहाजणी होत्या. एकदा ओरडल्या. मी म्हटलं, पोटात भूक. त्याने लगेच जेवण मागवलं.

पॅड दोनवर आणलं आहे. पिसं आली आहेत, उड्या मारून खोक्याबाहेर येतात. आता बाहेर काढावं लागणार, आणि काढलं की रंगरावांना दिसणार. काय करू ते लिहा. गुडघ्यांना बाम लावत जा, धावपळ फार झाली असेल.
आपल्या लोभावर जगणारी,
मैना


लोणी काळभोर,
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

चि. मैनास,
आशीर्वाद.

भैरूबरोबर डालगं पाठवलं आहे, बांबूचं. भर दुपारी उन्हात पिलं त्याच्याखाली झाक. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग रोज थोडं वाढव. घार आणि मांजर यांच्यावर डोळा ठेव. पंधरवड्यात बाहेर राहायला लागतील.

रंगरावाला भिऊ नकोस. तो शेतकऱ्याचा पोर आहे. पाट्या माणसांसाठी लिहितो, कोंबडी बघितल्यावर त्याचं काय होतं ते बघ.

दिगूचं पाडव्याला बघू.
तुळजाअक्का


विश्रांतवाडी,
गुरुवार, ६ मार्च २०२५

तीर्थस्वरूप वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

पॅड बंद केलं त्याला आठवडा झाला. शून्यावर आणलं तरी पहिले तीन दिवस पिलं त्याच थंड पॅडखाली जाऊन झोपत होती. मी त्यांना हसले, आणि मग फार हसले नाही.

चौथ्या दिवशी आपणहून पलंगाच्या आडव्या दांडीवर जाऊन बसली. मग मी खोकं उचललं.

डालगं कढीपत्त्याशेजारी ठेवते आणि घारींसाठी मी स्वतः छत्री उघडून बाजूला बसते. हातात वाचनालयाचं पुस्तक. तिसऱ्या दुपारी रंगराव गॅलरीतून बघत होते. फेब्रुवारीत छत्री घेऊन पालथ्या टोपलीशेजारी बसलेली बाई बघून त्यांनाही यमुनाबाईंचं म्हणणं पटलं असावं. खाली आले. मी उभी राहिले, मनात क्षमेचं वाक्य जुळवत. त्यांनी डालगं थोडं कलतं केलं, उकिडवे बसले आणि चांगली दहा मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, हा कोंबडा आहे. आणि तोही.

मी तुमच्या गोल अंड्यांची हकिगत सांगितली. ते म्हणाले, आमची आत्याही असंच म्हणायची, आणि आमच्याकडे कायम नऊ कोंबडे असायचे. मग जाळी किती बारीक हवी, खुराड्याचं तोंड कुठे हवं, सगळं सांगून गेले. शनिवारी स्वतः जाळी आणली, जुन्या दारांचं खुराडं ठोकून दिलं, आणि घाम पुसत विचारलं की मी कमिटीकडे अर्ज कधी करणार. अर्ज केला, त्यांनीच मंजूर केला. अट एकच, जो आरवेल तो पुढच्या गुरुवारच्या टेम्पोने बाहेर.

खुराड्यावर पाटीही आली आहे: येथील कोंबड्यांना कोणी खायला घालू नये. त्यांना मालकीण आहे.

यमुनाबाईंना आता सगळं कळलं आहे, पण दिगूला मी अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.
आपली,
मैना


लोणी काळभोर,
गुरुवार, १३ मार्च २०२५

चि. मैनास,
आशीर्वाद.

कोंबडा असणं शक्य नाही. रंगरावाला चष्मा लागला असेल.

दिगूला तू सांगू नकोस. घरात जे आहे ते वेळेवर आपणच बोलतं.
तुळजाअक्का


विश्रांतवाडी,
गुरुवार, ३ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप तुळजावन्सं यांस,
मैनेचा शि. सा. न. वि. वि. हे पत्र विश्रांतवाडीहून लिहिते आहे हे वर बघितलंच असेल.

पाडव्याला दिगू दहा वाजता आला. गुढीला नमस्कार केला, श्रीखंड-पुरी खाल्ली, आणि माझी बॅग कुठे आहे विचारलं. बॅग मी भरली नव्हती, पण नाही म्हणायचंही जमत नव्हतं. तो समजावत होता. आई, तू एकटी, तुझं लक्ष राहत नाही, उद्या काही झालं तर. तेवढ्यात मागच्या दारी तुमच्या गोल अंड्यातला तांबडा पहिल्यांदा आरवला. फाटक्या पिपाणीसारखा, पण पुरा आरवला.

दिगू उठून मागे गेला. मी त्याच्यामागे गेले आणि दारात उभं राहून एका दमात सगळं सांगितलं. गजर का, सभेतून का उठत होते, बोलत कोणाशी होते. तो पाटी वाचत उभा राहिला. मग आजवर कधी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की हा कढीपत्ता तुझ्या बाबांनी लावलेला आहे आणि मला इथेच चहा प्यायचा आहे. त्याने नाक पुसलं, मान खाली घालून कोंबड्या मोजत बसला.

आरवणं ऐकून रंगराव खाली आले होतेच. दिगूने त्यांनाच विचारलं, आईला नेलं तर या कोंबड्या सोसायटी सांभाळेल का? रंगराव म्हणाले, मुळीच नाही. परवानगी गं. भा. मैनाबाई यांच्या नावावर आहे आणि ती दुसऱ्याला देता येत नाही. शिवाय अंडी सुरू झाली की प्रत्येक घराला पाळीने चार द्यायचा ठराव झाला आहे, त्या मध्येच निघून गेल्या तर ठरावाचा भंग होईल. असा ठराव झालेला नाही, वन्सं. पॅड बंद झाल्यानंतरच्या सभेला मी शेवटपर्यंत हजर होते. मला वाटतं, रंगराव हे तुमचे धाकटे भाऊ शोभतील.

दिगू हसायला लागला. उकिडवा बसला होता तो उठताना कंबर धरून उठला. म्हणाला, दिवसभर खुर्चीत बसून पाठ गेली आहे. उभा राहिला अगदी ह्यांच्यासारखा, डावा हात कमरेवर. मी आत गेले आणि पॅड आणून दिलं. कव्हर चार वेळा उकळून धुतलेलं आहे, पॅडही पुसून उन्हात ठेवलेलं. दीड तासाने आपोआप बंद होतं हे सांगितलं. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्याखाली कोण झोपत होतं ते सांगितलं नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही.

असा आईला न्यायला आलेला मुलगा पॅड घेऊन गेला. दर रविवारी येईन म्हणाला, अंडी घेऊन जायला. अंडी यायला अजून तीन महिने आहेत हे मी त्याला सांगितलं नाही.

कपाटाचा तो कप्पा आता रिकामा आहे. त्यात वाचनालयाची पुस्तकं ठेवली.

चार तलंगा माझ्याकडे राहिल्या. भैरूबरोबर तुमची दोन गोल अंडी परत पाठवते आहे, पाय नीट बांधले आहेत. त्यांतला तांबडा कापायचा नाही. त्याने माझं घर राखलं आहे.

बार्शीला पुन्हा कोणाचं लग्न निघालं तर कळवावं. खुराड्यात अजून दोघींची जागा आहे. आपला लोभ कण्यांसारखा रोज थोडा थोडा टाकत राहावा, मी टिपून घेईन.
आपली,
मैना