फ्लोरिडाची फेरमोजणी

आई,

फ्लोरिडाचा निकाल यावेळी तासा-दोन तासांत लागला. दादा सांगत होता, आता ते राज्य अटीतटीचं राहिलेलंच नाही, कुठे जाणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. सकाळी साडेसातला त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी कणीक मळत होते. शर्टावर छातीपाशी त्याने एक छोटा गोल स्टिकर लावला होता, मतदान केलं की तिकडे देतात तो. "हे बघ," म्हणाला, "आईला दाखवायला हवं होतं." तो आता साठीला आला आहे, आई. पुढचे केस गेलेत, हसला की थेट बाबांसारखा दिसतो. मी कणकेचा हात तसाच धरून उभी राहिले. फोनमध्ये त्याचं ते हसणं, आणि मला तू दिसायला लागलीस, पंतनगरच्या आपल्या दोन खोल्यांत टीव्हीसमोर, पाय वर घेऊन, कप हातात आणि चहावर साय धरलेली.

तुझ्याएवढी निवडणुकीची आवड असलेली बाई मी पुढे कधी पाहिली नाही. पक्षांचं तुला काही पडलेलं नव्हतं. तू महापालिकेच्या शाळेतली शिक्षिका, इलेक्शन ड्युटी लागली की बाकीच्या बायका डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधायच्या आणि तू आदल्या दिवशी साडीला इस्त्री करायचीस. मला आठवतो तो मतमोजणीचा दिवस, मी तेव्हा कॉलेजात होते. कागदी मतपत्रिकांचा जमाना. तू दुपारी घरी आलीस, हातपाय धुतलेस आणि ताटावर बसून जेवलीच नाहीस. एका मतपत्रिकेवर शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला होता, पण बराचसा एका बाजूला. टेबलावरचे सर 'बाद' म्हणून बाजूला टाकायला निघाले आणि तू अडवलंस. भांडलीस. वरच्या साहेबांपर्यंत गेलीस, तरी ते मत बादच झालं. मी म्हटलं, "जाऊ दे ना आई, एका मताने काय होतंय?" तू हातातला घास ताटात ठेवलास. "तुझ्या उमेदवाराला काही होत नसेल," म्हणालीस. "ज्याने दिलं त्याच्याकडे तेवढं एकच होतं. बाद करायला काय लागतं? माणसाला काय म्हणायचंय ते बघायला डोळे लागतात." ते तू माझ्यावर ओरडून बोलली नव्हतीस, तरी मी दोन दिवस तुझ्या नजरेला नजर देत नव्हते.

मग दादा अमेरिकेला गेला. कंपनीने फ्लोरिडाला पाठवला म्हटल्यावर तू शाळेतून जुना नकाशा आणलास आणि स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला चिकटवलास. खाली लोंबणारं ते राज्य बोटाने दाखवून शेजारच्या काकूंना सांगायचीस, "हे आमच्या मुलाचं." मी साकीनाक्याला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात होते. सकाळी तुझ्या बीपीच्या गोळ्या काढून ठेवायच्या, डबा भरायचा, बस पकडायची. संध्याकाळी आले की पहिलं वाक्य ठरलेलं. "आज तिथे वादळ आहे म्हणे गो." किंवा "आज तिथे पस्तीस डिग्री." इथल्या हवेबद्दल तू मला कधी विचारलं नाहीस. आई, हे मी तेव्हा बोलले नाही, पण मनात साठत होतं.

आणि मग दोन हजार सालची ती निवडणूक. अख्ख्या देशाचा अध्यक्ष त्या एका राज्यावर अडून बसला. त्या दिवशी सकाळी मी डब्यात भाजी भरत होते आणि तू आतून ओरडलीस, "लागलं! दादाचं राज्य लागलं!" मी ऑफिसात पोचते न पोचते तोच फोन. "अगं, टीव्हीवाल्यांनी निकाल परत घेतला. म्हणतात अजून सांगता येत नाही." दुपारी डबा उघडला तेव्हा दुसरा फोन. "आता दुसऱ्याला दिलंय, सगळंच दिलंय, तो जिंकला." आणि अडीच-तीनला तिसरा. आमचे मॅनेजर रिसीव्हर माझ्या हातात देत म्हणाले, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?" तू पलीकडून हसत सुटली होतीस. "तेही परत घेतलं! काय पोरखेळ चाललाय बाय, आता मोजणार म्हणे परत." किती वर्षांनी तुला अशी हसताना ऐकलं मी. रिसीव्हर ठेवल्यावर मीसुद्धा हसले.

त्या रविवारी सकाळी दादाचा फोन आला. तू विचारलंस, "मत दिलंस ना? कोणाला ते सांगू नको. दिलंस का, तेवढंच सांग." तो म्हणाला, "आई, मला इथे मत नाही. मी नागरिक नाही इथला, नोकरीच्या व्हिसावर आहे." तुला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण मनाला कधी शिवलं नव्हतं. आणि मग तुझी मालवणी बाहेर आली, राग आला किंवा रडू आलं की यायची तशी. "मगे तू थंय कोण रे?" तिथे आपण कोण, ते त्याने काहीतरी सांगितलं, कागद चालू आहेत, नवीन कंपनी, अजून वर्षं लागतील. तू "बरं बरं" म्हणत फोन माझ्याकडे दिलास आणि आत जाऊन उगाचच तांदूळ निवडत बसलीस. निवडलेलेच होते ते.

तरी टीव्ही काही सोडला नाहीस. रोज सकाळी ती माणसं दिसायची, चष्मा कपाळावर सरकवून मतांची कार्डं उजेडासमोर धरणारी. तिकडे तेव्हा कार्डाला भोक पाडून मत द्यायचे; ते भोक नीट पडलंय की नुसता फुगवटा आलाय, कागदाचा तुकडा एका कोपऱ्यावर लोंबतोय, हे बघत बसलेली. शेजारच्या काकू हसायच्या, एवढा मोठा देश आणि हे काय, म्हणून. तू हसत नव्हतीस. "बघतायत तरी," म्हणायचीस. दुसरा आठवडा संपत आला होता. सोमवारी सकाळी मी न्हाणीघरातून बाहेर आले तर तू खुर्चीत एका बाजूला कललेली, तोंड वाकडं झालेलं, कप फरशीवर. टीव्ही चालूच.

उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दहा दिवस हॉस्पिटल, मग घरी. डॉक्टर म्हणाले, जिवाचा धोका टळलाय, हळूहळू सुधारतील. डावा हात चांगला होता, कळत सगळं होतं. मी बिनपगारी रजा टाकली. तुला कुशीवर वळवणं, पुसणं, चमच्याने पेज भरवणं, केस विंचरणं. तुझे केस मी पहिल्यांदाच विंचरत होते, आई. किती मऊ होते. येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारायचा, "मुलगा कधी येतोय?" काकू तुझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तो आला ना, की बघा, चटकन बोलायला लागाल." मी तिथेच उभी होते, हातात तुझी भिजलेली चादर घेऊन.

दादाचा फोन रोज यायचा. आणि तो रविवार उजाडला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो म्हणाला, "माझे कागद अर्धवट आहेत. आत्ता देशाबाहेर पडलो तर परत घेतील की नाही, वकील सांगू शकत नाही. पण आई म्हणत असेल तर मी उद्या निघतो. तिला विचार. ती म्हणेल तसं." मी रिसीव्हर तुझ्या उशीवर ठेवला. तुझा डावा हात हातात घेतला आणि विचारलं, "आई, दादाला बोलावू? हो असेल तर हात दाब."

तू दाबलास. मी म्हटलं, "नक्की?" तू पुन्हा दाबलास, इतका घट्ट की तुझी बांगडी माझ्या मनगटात रुतली. तुझे डोळे माझ्यावर होते. शंका घ्यायला कुठे जागाच नव्हती.

मी रिसीव्हर उचलला आणि म्हटलं, "नको म्हणते रे. हाताने नको केलं. तुझी नोकरी सांभाळ म्हणते."

तू ऐकलंस ते. तुझ्या घशातून आवाज आला, "अं, अं," असा, आणि तो त्यालाही ऐकू गेला. "काय म्हणते?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "रडते आहे. तुझा आवाज ऐकून. ठेव आता, तिला त्रास होतो."

का केलं मी असं, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारते आहे. त्याच्या नोकरीची काळजी होती, असं पुष्कळ वर्षं मनाला सांगितलं. खरं ते नाही. मला दिसत होतं, की तो येणार, दारात बॅग ठेवणार, आणि तू त्याच्याकडे बघून पहिला शब्द बोलणार. मला तो शब्द हवा होता. वाटलं, आठवडाभर फक्त. तेवढ्यात तू माझ्याशी काहीतरी बोलशील, एखादं अक्षर, आणि मग मी स्वतः त्याला फोन करून बोलावून घेईन. डॉक्टरांनी सुधारतील म्हटलं होतं ना. त्यानंतर तू माझ्या हातून पेज घेतलीस, पुसून घेतलंस, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. मान भिंतीकडे वळवायचीस. तीन दिवस. माफ कर म्हणायला मी दोनदा तुझ्यापाशी येऊन बसले आणि दोन्ही वेळा तुझी उशी सारखी करून उठले.

बुधवारी सकाळी टीव्हीवर सांगितलं, वरच्या कोर्टाने मोजणी थांबवली. पाचशे सदतीस मतांचा फरक धरून राज्य एकाला गेलं. मी तुझ्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, संपलं गं. उरलेली मोजणार नाहीत." तू डोळे मिटलेस. गुरुवारी दुपारी दुसरा झटका आला आणि हॉस्पिटलची गाडी यायच्या आत तू गेलीस.

दादा आला, आई. कागदांचा विचार न करता निघाला. शनिवारी पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याने तुझ्या पलंगाच्या रिकाम्या गादीवर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला. बारावं झाल्यावर परत गेला तेव्हा तिकडे त्याला कुणी एका शब्दाने अडवलं नाही. मी त्याला विमानतळावर सोडून घरी आले आणि फ्रिजजवळचा नकाशा काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

पुढे त्याचे कागद झाले, लग्न झालं, नागरिक झाला. त्याने पहिल्यांदा मत दिलं त्या दिवशीही मला फोन केला होता. आपली बिल्डिंग पाडून तिथे टॉवर झाला, मी चौदाव्या मजल्यावर राहते. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. बरी आहे मी.

आता त्या सकाळच्या फोनचं. स्टिकर दाखवून झाला, थोडं इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि तो अचानक थांबला. "एक विचारू? इतकी वर्षं विचारीन म्हणतोय. आई तेव्हा खरंच नको म्हणाली होती?"

कणीक माझ्या बोटांवर वाळत होती. मला वाटलं, आता. आता सांगून टाकावं.

मी म्हटलं, "हो रे. हाताने नको केलं. मी सांगितलं होतं ना तुला."

त्याने श्वास सोडला. "बरं झालं. मला सारखं वाटायचं, तिने बोलावलं असणार आणि मला काही बोचू नये म्हणून तू लपवलंस. म्हणजे तिला खरंच मी यायला नको होतं." त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "असू दे. माझ्याच भल्यासाठी म्हणाली असेल." मग त्याची बायको मागून काहीतरी बोलली आणि फोन बंद झाला.

म्हणजे माझ्याकडचं ओझं हलकं झालं नाहीच, आणि तू त्याला नको म्हणालीस हे दुखणं मी त्याच्या गळ्यात दुसऱ्यांदा बांधलं. तू त्याला बोलावलं होतंस, इतकं घट्ट बोलावलं होतंस, आणि हे जगात फक्त मला माहीत आहे.

हे सगळं त्याला लिहायला हवं, ते मला कळतं. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे, फोन तर हाताशीच आहे. पण पहिली ओळ 'आई' अशीच लिहिली गेली, कारण तू मला उलट काही विचारणार नाहीस.