पडद्याआड धावत आलेली कुत्री

आबा, तुमच्या श्वान क्लबची स्पर्धा परवा जळगावला झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नशिराबादच्या रस्त्यावरच्या त्या मैदानाला लोक अजून 'आबांचं मैदान'च म्हणतात. मी धुळ्याहून माझी कुत्री घेऊन गेले होते. गावठी आहे. डोबरमन आणि अल्सेशियनांच्या रांगेत तिला उभी केली तेव्हा माझी मान तुमच्याइतकीच ताठ होती.

तुमचा दरारा आठवतो मला. अमळनेरहून, दीपनगरहून माणसं कुत्री घेऊन यायची आणि तुम्ही आतून काटे असलेला पट्टा एकदा हिसडला की भलंमोठं जनावर मुकाट खाली बसायचं. लोक टाळ्या वाजवायचे, मीही वाजवायचे. तुमचा अभिमान होता, आजही आहे. उन्हातान्हात कुत्र्यांपाठी तुमच्याएवढं राबलेलं माणूस मी पाहिलं नाही. पण एकदा मी कळण्याच्या भाकरीचे तुकडे मुठीत घेऊन एका पिल्लाला बसायला शिकवत होते, तर तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "कसाले लाड करस वं? माराशिवाय कुत्रं शिकस का?" पिल्लू तर बसलं होतं, आबा. तुम्ही ते पाहिलंच नाही. आता धुळ्यातल्या माझ्या क्लबात काटेरी पट्ट्याला बंदी आहे, आणि कोणी आणलाच तर मी त्याला फाटकाबाहेर काढते. स्वभाव कुठे जाणार? तुमचीच लेक ना मी.

परवाची शेवटची परीक्षा अशी, की कुत्र्याला बसवायचं आणि मालकाने कापडी पडद्याआड दिसेनासं व्हायचं; तो परत येईपर्यंत कुत्र्याने जागचं उठायचं नाही. शेजारी तुमचा जुना चेला होता. केस पिकले, पण पट्टा तोच. मला म्हणतो, "ताई, खाऊवर शिकेल कुत्रं उठी जाई." आम्ही दोघं पडद्याआड गेलो आणि नेमकी रस्त्याने वरात आली. फटाक्यांची माळ अशी कडाडली की दोन्ही कुत्री उठली. त्याचा अल्सेशियन सुसाट कुंपणाकडे पळाला. चेला हात उगारून हाका मारतोय, आणि तो आणखीच लांब जातोय. माझी कुत्री मात्र थरथरत पडद्याआड आली आणि माझ्या पायांत शिरली.

नियमाने दोघंही बाद. "आबांच्या पोरीचं कुत्रं उठलं!" म्हणून लोक हसले. हसू देत. इतका अभिमान मला जिंकून कधी वाटला नव्हता. घाबरलेलं जनावर माझ्यापासून पळालं नाही, माझ्याकडे आलं. त्याचा अल्सेशियनही शेवटी मीच भाकरी दाखवून आणला. त्याच्या मानेवरून हात फिरवत चेला हळूच म्हणाला, "मनाकडे का बरं नही उना हाऊ?" तो त्याच्याकडे का आला नाही, यावर मोठं भाषण माझ्या ओठांवर होतं, ते गिळलं आणि त्याला दुसऱ्याच दिवशी धुळ्याला बोलावलं. काल तो आला, पट्टा घरी ठेवून.

हे सगळं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही ते बरंच आहे. लहानपणी भीती वाटली की तुम्ही जवळ असतानाही मी आईकडेच धावायचे. त्याचं तुम्हाला वाईट वाटायचं का, हे तोंडावर विचारायचं धाडस मला आजही झालं नसतं.