लक्झेंबर्गबद्दल दोन शब्द

छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

चि. सौ. मोनिका,

तुझ्या मामांचा, म्हणजे या सासऱ्याचा, तुला आशीर्वाद.

तुम्ही तिघं सुखरूप पोचल्याचं ऋतुराजच्या फोनवरून कळलं. तिकडं बर्फ पडतोय म्हणे. इथं दुपारी आताच पंखा लावावा लागतो, आणि पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. तुझ्या सासूबाईंचा गुडघा बरा आहे. मीही ठीक.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन ऋतुराज उचलतो, तू कामावर असतेस, आणि व्हिडिओवर तोंड दाखवून हे बोलायची माझी हिंमत नाही. शिवाय मी मास्तर माणूस. हातात पेन असल्याशिवाय माझं डोकं चालत नाही.

तर आधी सत्काराचं. फुलंब्रीतला कार्यक्रम चांगला झाला असं सगळे म्हणतात. आयुष्यभर भूगोल शिकवला, पण लक्झेंबर्ग नेहमी एका ओळीत उरकायचा. त्या दिवशी पहिल्यांदा त्यावर पोटभर बोललो. आपल्या जिल्ह्याचे चार वाटे केले तर एका वाट्याएवढाच तो अख्खा देश, म्हटल्यावर मंडळी हसली. घरात बोलायला लक्झेंबर्गी, कायदा फ्रेंचमध्ये, पोरांची अक्षरओळख जर्मनमध्ये. मी म्हणालो, आपणही घरात मराठी, शहागंजच्या बाजारात दखनी आणि साहेबापुढं इंग्रजी बोलतोच की, फक्त आपलं कुणी कौतुक करत नाही. फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून लोक सकाळी तिथं कामाला येतात आणि संध्याकाळी आपापल्या देशात परत जातात, हे सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी आपल्या फुलंब्रीवाल्यांवानीच की, सर." बस आणि रेल्वे फुकट म्हटल्यावर तर असा गलका झाला की मला थांबावंच लागलं.

मग राजघराण्याचं सांगितलं. कारभार निवडून आलेली माणसं बघतात, पण गादी आहे, आणि नुकतीच बापानं ती जिवंतपणी लेकाच्या हवाली केली. पूर्वी मुलाचा हक्क आधी असायचा. तो नियम त्यांनी काही वर्षांपूर्वी मोडला. आता थोरलं अपत्य गादीवर बसणार, मग मुलगी का असेना. हे वाक्य मी आवाज चढवून म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. त्याच टाळ्यांत ऋतुराजला पुढं बोलावलं आणि 'त्या देशाच्या बँकेत अधिकारी असलेले आपले सुपुत्र' म्हणून त्याला फेटा बांधायला लावला.

इथवर लिहून उठलो होतो. उगाच गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालून आलो. कुंड्या ओल्याच होत्या.

फ्लेक्सवाल्यानं मजकुरात घोळ घातला, असं मी तुला त्या दिवशी सांगितलं. त्या बिचाऱ्यानं काही घोळ घातला नाही. मजकूर मीच दिला होता. बँक तुझी, हुद्दा तुझा, फोटो त्याचा. चौकात आपली गाडी त्या फ्लेक्ससमोर अडकली तेव्हा तू वर बघितलंस आणि मग मांडीवरच्या लेकीच्या, संस्कृतीच्या, टोपीचे बंद बांधायला लागलीस. ते बांधलेलेच होते. मी पुढच्या सीटवरून आरशात बघत होतो.

आदल्या दिवशी तू मला सरळ विचारलंही होतंस, "मामा, तिथं कुणी विचारलं तर मी काय सांगू?" आणि मी म्हणालो, "तू कशाला बोलतीस? मी हाय ना."

ऋतुराज घर सांभाळतो, स्वयंपाक करतो, पोरीला शाळेत नेतो-आणतो. त्याला त्याची लाज नाही, तुला तर नाहीच. लाज मला वाटत होती. ती झाकायला मला काहीतरी हवं होतं, म्हणून तू एवढा रात्रंदिवस अभ्यास करून मिळवलेली नोकरी मी परस्पर उचलली आणि लेकाच्या डोक्यावर बांधली.

पण याहून वाईट मी केलं ते तू बायकांत बसली होतीस म्हणून तुला नीट दिसलं नसेल. ऋतुराजच्या हातात माईक गेला. तो म्हणाला, "एक दुरुस्ती करायची होती..." आणि मी त्याच्या हातून माईक काढून घेतला आणि पंगत तयार असल्याचं जाहीर केलं. भात अजून चुलीवर होता. माणसं उठली आणि रिकाम्या पत्रावळ्यांपुढं कितीतरी वेळ ताटकळत बसली. डोक्यावर फेटा तसाच ठेवून ऋतुराज आचाऱ्याकडं जाऊन उभा राहिला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

तेवढ्यात तिकडं तुझी ओटी भरणं चाललं होतं. आमची थोरली बहीण, दगडाबाई अक्का, तुला सगळ्यांदेखत म्हणाली, "नवऱ्याच्या जिवावर इमानात फिरतीस, बाई. नशीब काढलंस. आता त्याला जप." आणि तू वाकून तिच्या पाया पडलीस. हे मला आशानं, तुझ्या सासूनं, सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. वाढलंय म्हणते, आणि निघून जाते.

मागच्या आठवड्यात फुलंब्रीला गेलो. ज्यानं सत्कार ठेवला त्या मोतीरामला गाठलं आणि खरं काय ते सांगितलं. तो आधी चपलेकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सर, आमाला म्हाईत व्हतं. ऋतुराजनंच फोनवर सांगितलं व्हतं. म्हणला, सत्कार करायचा तर मोनिकाचा करा. पर तुमी मजकूर दिला. मग म्हणलं, सरांचं मन कशाला मोडायचं?"

मी विचारलं, "कुणाकुणाला माहीत होतं?"

"समद्यांलाच की."

मेल्याहून मेल्यासारखं झालं, मोनिका. बसस्टँडवर येऊन बसलो, तर समोरून जाणारा प्रत्येक जण मला "नमस्कार सर" म्हणत होता, आणि मला मान वर करवेना. माझी इभ्रत राखायला अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं, आणि बोलणी खाल्लीस ती तू एकटीनं. मला फार लाज वाटते.

माफ कर, असं लिहीत नाही. थोरल्यानं माफी मागितली की धाकट्याला हो म्हणावंच लागतं, आणि तेवढीही जबरदस्ती आता मला तुझ्यावर करायची नाही.

माहीत नव्हतं ते एकट्या अक्काला. तिला कानानं फार कमी ऐकू येतं, आणि असल्या गोष्टी कुणी ओरडून सांगत नाही. रविवारी तिच्याकडं चाललोय. अंगणात तिच्या बाजेपाशी बसून गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला सांगावं लागेल, आणि तिला पहिल्यांदा कळणार नाही, म्हणून पुन्हा सांगावं लागेल. आशा म्हणाली, "मी बी येते." म्हटलं, तू येऊन काय करणार?

म्हणाली, "ऐकणार."

तुझ्या नोकरीवर मिरवून आलेला,
पुंजाराम