चौदा नमुने, एकच हात

आप्पा, आज सोळा तारीख, सोमवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झालीत. मी बेळगावात हातमाग योजनेच्या ऑफिसात, जिन्यासमोरच्या बाकावर बसलोय. मांडीवर कापडी पिशवी आहे आणि पिशवीत हातभर लांबीचे कापडाचे पंधरा तुकडे. तपासणीच्या मॅडम मीटिंगला गेल्यात, आल्या की शिपाई हाक मारेल. तोवर वही काढली आणि तुम्हाला लिहायला लागलो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा, मी तुमच्या मागे सुताच्या कांड्या भरत बसायचो, आणि जे बोलायचं ते धोट्याच्या खडखडाटात ओरडून बोलायचं.

आधी हे सांगतो की मी आता मास्तर आहे. शहापुरातल्या आपल्याच घरात, पुढच्या खोलीत तुमच्या मागावर आणि शेजारच्या दोन घरांतल्या मागांवर हातमाग शिकवायचं केंद्र चालतं. सरकारचं अनुदान आहे. झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवर लावलेला कागद मी वाचला. नव्या माणसांना चार महिने हातमाग शिकवायचा. शिकणाऱ्याला महिना सहा हजार भत्ता, शिकवणाऱ्याला पंधरा हजार मानधन, सुताचा आणि माग दुरुस्तीचा खर्च वेगळा. पैसे दोन हप्त्यांत येणार, पहिला सुरू करताना आणि दुसरा दोन महिन्यांनंतरच्या तपासणीवर. शिकवणाऱ्याकडे सर्टिफिकेट पाहिजे होतं आणि ते आपल्या गल्लीत फक्त माझ्याकडे होतं, कारण दहा दिवसांच्या वर्गाला बसून लेखी परीक्षा द्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मोठी अट होती ती शिकणाऱ्यांची. किमान पंधरा हवेत, आणि त्यांनी आधी कधी माग चालवलेला नसावा.

पंधरा कुठून आणायचे? पोरं उद्यमबागेत फाउंड्रीला जातात. मी घरोघरी फिरलो. एक जण म्हणाला, "दिवसभर खड्ड्यात पाय घालून बसायचं? त्यापरीस मोबाइलच्या दुकानात एसी तरी हाय." शेवटी खासबागेतली एक मुलगी आली. दहावी झालेली, आई यंत्रमागावर कांड्या भरते. ती खरंच शिकायला आली. चौदा कमी पडत होते. तेव्हा आत्या म्हणाली, "आमची नावं घाल की." आपलीच आत्या, तुमची बहीण, निपाणीला दिलेली, नवरा गेल्यावर परत आली ती चाळीस वर्षं मागावर बसून आहे. मी म्हटलं, "आत्या, नवशिके पाहिजेत." ती म्हणाली, "मग हुतो की नवशिकं. साडीमागं मालक जे देतोय त्यात च्या-साखर बी भागत न्हाय. तू लिही." मी लिहिलं. आत्याचं आणि गल्लीतल्या आणखी तेरा म्हाताऱ्या विणकरांचं नाव, कानडीत आणि मराठीत, एकही वेलांटी न चुकवता.

शुद्धलेखनाचं जाड पुस्तक तुम्हीच आणलं होतं, गणपत गल्लीतल्या रद्दीवाल्याकडून. तुमच्या छातीचं दुखणं वाढलं आणि माझी नववी सुटली, त्या आठवड्यातली गोष्ट. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, तुम्ही साडीच्या खोक्याचा लावला. म्हणालात, "मागावर चुकलास तर मालक पैसं कापतोय. कागदावर तरी चुकू नगंस." कांड्या भरता भरता मी ते पाठ केलं. आता माझ्या कागदात चूक सापडत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते. फाइल उघडणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. त्या मुलीची ओळ सोडली तर त्यात खरं काही नाही.

फाइलला प्रत्येकाचे दोन नमुने लावायचे असतात, पहिल्या दिवशी विणलेला तुकडा आणि दोन महिन्यांनी विणलेला. पहिला वाईट हवा, हे उघडच आहे. म्हणून पहिल्या सकाळी मी चौदा जणांना वाईट विणायला सांगितलं. आप्पा, त्यांना येईना. समोरच्या घरातले काका मुद्दाम धोटा हळू फेकत होते, कापड नेहमीपेक्षा घट्ट आलं. आत्याने डोळे मिटून विणलं, काठ सरळच. कुणी धागा तोडायचं, तर बोटं विचारायच्या आत बांधून मोकळी. सगळी हसायला लागली. काका म्हणाले, "मास्तर, तुमीच दावा की वाईट कसं विणायचं ते." आत्या म्हणाली, "व्हय, ह्यात त्याचा हात कोण धरणार?"

मी बसलो. तुम्हाला माहीत आहे काय झालं असेल. मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा तुम्ही माझ्या पहिल्या वीतभर कापडाच्या काठावरून अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "ह्यो काठ हाय का गटार?" मारलं नाहीत. आत नेऊन चुलीपाशी बसवलंत, तुमच्या ताटातली अर्धी भाकरी माझ्यासमोर ठेवलीत आणि म्हणालात, "खा, आन् परत बस." मी परत बसलो, चार वर्षं बसलो, काठ काही सुधारला नाही. आता काकांनी माझा तुकडा उजेडाला धरला आणि म्हणाले, "अगदी गटार!" भिंतीपलीकडून त्यांनी तुमचं ते बोलणं ऐकलेलं होतं. मीही हसलो. असे एकामागून एक चौदा तुकडे मी विणले आणि प्रत्येकाला एकेकाच्या नावाची चिठ्ठी टाचली. पंधरावा त्या मुलीचा, तिनेच विणलेला. तोही वाईट आहे, पण वेगळा वाईट आहे.

गेल्या मंगळवारी मॅडम तपासणीला आल्या. बाई नवीन आहेत, कानडी आहेत, मराठी अडखळत पण गोड बोलतात. आधी हजेरीचं, अंगठ्याचं मशीन फिरलं. आत्याचा अंगठा उठेना, सुताने रेषा केव्हाच घासून गेल्यात. मॅडमनी विचारलं, "ह्यांचा का येत नाही?" मी म्हटलं, "धुणंभांडी करतात, मॅडम." हे उत्तर मी आधीच तयार ठेवलं होतं. मग आत्या मागावर बसली. हळू विण असं मी बजावलं होतं, आणि ती हळू विणत होती. तेवढ्यात धागा तुटला. आत्याचं तोंड मॅडमकडे होतं, ती त्यांना चहा घेणार का विचारत होती, आणि खाली तिच्या दोन बोटांनी गाठ मारली आणि माग पुढे चालू. मॅडम चहाचं उत्तर द्यायच्या विसरल्या.

"किती दिवस झालं शिकाय लागून?"

"दोन म्हैनं, बाईसाहेब."

"दोन महिन्यांत असं?"

"मास्तर लई मारकुटं हायती," आत्या म्हणाली.

सगळी खोली हसली. मॅडमही हसल्या. मी हसायला गेलो तर खोकला आला. मग त्यांनी नमुने मागवले, पहिल्या दिवसाचे एका हातात, आताचे दुसऱ्या हातात. त्या कानडीत म्हणाल्या, "भाळ चलो ऐती," फार छान आहे. आणि मग मराठीत, "तुमची शिकवायची रीत सगळ्यांना दाखवायला पाहिजे. पुढच्या शुक्रवारी निपाणी, चिकोडीकडचे मास्तर लोक घेऊन येते. तुम्ही मागावर बसा, पहिला धडा करून दाखवा, आम्ही व्हिडिओ काढू. हे नमुने पण त्यांना हातात घेऊन बघू दे."

पकडला जाईन म्हणून मी दोन महिने भीत होतो. शाबासकी मिळेल ही भीती कधी मनात आली नव्हती. मॅडमची गाडी वळली आणि मी मागच्या मोरीत जाऊन ओकलो.

तुम्ही एकदा मला मालकाच्या दुकानात नेलं होतं. गादीवर साड्यांचा ढीग होता. तुम्ही एक उचललीत, पदर चाचपलात आणि म्हणालात, "ही डावऱ्यानं विणलीया." मालकाने वही बघितली आणि मान हलवली. दुसरी उचललीत. "हिला घाई व्हती. शेवटचा हात मारून उठलीया." तेव्हा मला ती जादू वाटली होती. आता कळतं की तुमच्यासारखे हात अजून आहेत, आणि शुक्रवारी ते आपल्या खोलीत येणार आहेत. चौदा तुकडे एकामागून एक चाचपतील, मग मी मागावर बसेन आणि त्यांच्यासमोर त्याच हाताने आणखी एक विणेन. कुणी काही बोलायचीही गरज पडणार नाही.

काल आत्या भाकऱ्या थापत होती तेव्हा मी म्हटलं, "मी मॅडमना जाऊन सांगतो."

"काय सांगतोस? आत्याला विणाय येतंय म्हणून?"

"पैसे परत मागतील, आत्या. पण शुक्रवारी सगळ्यांसमोर कळलं तर—"

"परत? कुठनं देणार? समोरच्याचं डोळ्याच्या आपरेशनला गेलं. माझं वर पत्र्याला गेलं, बघ की वर." तिने पिठाचा हात माझ्याकडे रोखला. "चाळीस वर्सं विणलं तवा कुणी इचारलं न्हाय. येत न्हाय म्हणून बसलो, तवा पैसं दिलं. ह्यात चोर मी व्हय रं?"

तिला मी चोर म्हणणार नाही, पण अर्जावर खाली सही माझी आहे. थोड्या वेळाने ती जरा नरम झाली. "शुक्रवारी ताप आला म्हण. मी सांगते त्यास्नी, मास्तर झोपलाय."

"आणि त्या परत आल्या तर?"

"तवा परत ताप."

मला त्या खासबागेतल्या मुलीचं वाटतं, आप्पा. सर्टिफिकेट मिळालं तर तिला कर्जावर माग मिळणार आहे, जागाही बघून ठेवलीय तिच्या आईने. ती विणते. खरंच विणते. आत्याने तिला शिकवलंय, मी नाही, आणि तिचा काठ माझ्यापेक्षा सरळ आला त्या दिवशी मी तिच्या पाठीमागेच उभा होतो. शुक्रवारी सगळ्यांसमोर उघड झालं तर पूर्ण तुकडी रद्द होईल आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघणार नाही. मी आधीच सांगितलं तर निदान तिला वेगळं बसवून तपासा एवढं म्हणता येईल. मॅडम ऐकतील का माहीत नाही. पोलिसात देतील का तेही माहीत नाही. आत्याला मी सांगितलं की सूत आणायला चाललोय. तिने पिशवी दिली आणि म्हणाली, येताना जिरं आण. त्या पिशवीत मी पहिल्या दिवसाचे तुकडे भरले.

आत्ता शेजारी निपाणीकडचा एक माणूस येऊन बसलाय, शिवणक्लासची फाइल घेऊन. त्याने विचारलं, "तुमचा बी दुसरा हप्ता अडकलाय व्हय?" मी म्हटलं, "नाही, माझा सुटणार आहे." तो म्हणाला, "मग त्वांड असं का केलंसा?"

मॅडमसमोर जीभ अडखळली तर हे पान पुढे करायचं, म्हणून हिशेब इथेच मांडतो. पहिला हप्ता मिळाला दोन लाख पन्नास हजार. पंधरा जणांचा दोन महिन्यांचा भत्ता एक लाख ऐंशी हजार. सूत आणि माग दुरुस्ती अडतीस हजार पाचशे, पावत्या आहेत. माझं मानधन तीस हजार. खात्यात शिल्लक दीड हजार. मुलीचा भत्ता खरा आहे, तो सोडून चौदा जणांचे एक लाख अडुसष्ट हजार आणि माझे तीस, मिळून परत द्यायचे एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. जवळ आहेत अकरा हजार तीनशे. बाकी एक लाख शहाऐंशी हजार सातशे. ती माझ्या एकट्याच्या नावावर लिहून घ्या, म्हाताऱ्यांच्या दारात कुणी जाऊ नये, असं मी म्हणणार आहे.

मॅडम आल्या, निपाणीवाला आत जाऊन बाहेरही आला. शिपाई आता तिसऱ्यांदा "शहापूर, शहापूर कोण?" म्हणून ओरडतोय. पान फाडून घडी घालतो आणि उठतो. आधीच्या दोन्ही हाका मला ऐकू आल्या होत्या, आप्पा.