बाबांचा शांत आवाज

अयोध्या नगर, भोपाळ
ता. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. मंजूषास अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज ऐकला की तुझं डोकं फिरतं, म्हणून पत्र लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर जावईबापूंकडून वाचून घे. औषधांच्या दुकानात त्यांनी याहून वाईट वाचलेलं असतं.

इथल्या एका दवाखान्याला अभ्यासासाठी जुने सिगारेट ओढणारे हवे होते. मला ओढायला लागून बेचाळीस वर्षं झाली, लगेच निवड! तीन अनोळखी माणसांपुढे भाषण करायला लावलं, मग दोन हजारांतून सतरा-सतरा वजा करायला. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. अधूनमधून नळीत थुंकी घेत होते. माणूस ताणात सापडला की अंगात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, म्हणे. न ओढणाऱ्यांचं भराभर चढलं. माझं मात्र ऐन वेळी जवळजवळ जागचं हललं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांत असं दिसतं, पण एकट्या माणसाचं खात्रीने सांगता येत नाही.

कारखान्यात माझ्याबद्दल सगळे म्हणायचे, नीळकंठराव खुर्चीतून उठले नाहीत म्हणजे काळजी नाही. घरीही आपण तेच धरून चाललो. गेल्या फेब्रुवारीत, त्या सकाळी, तुझी आई छातीत कळ येते म्हणाली, तेव्हा मी तिच्याकडे पाहायचं सोडून स्वतःलाच चाचपलं. धडधड नाही, घाम नाही. पित्त असेल म्हटलं, तुलाही फोनवर तेच सांगितलं आणि अंगणात जाऊन सिगारेट पेटवली. दुपारी ती गेली.

तू मला दगड म्हणालीस. हे सबब म्हणून लिहीत नाही. पण वर्षश्राद्धाला ये. तिचं पान एकट्याने वाढायचा मला धीर नाही.

मुलांना पापा. राग असला तरी आशीर्वाद घे.

तुझा,
बाबा


इंदूर
ता. १९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस शि. सा. नमस्कार.

पत्र चारदा वाचलं, तेही स्वतःच. तुमचं अक्षर मला अजून लागतं.

वर्षभर तुमच्याशी धड बोलले नाही, त्याचं खरं कारण आज लिहिते. त्या सकाळी तुम्ही पित्त म्हणालात, आणि मग आईने तुमच्या हातून फोन घेतला. तुम्ही अंगणात गेलात. तिने विचारलं, आज येतेस का. आयुष्यात कधी तिने मला असं बोलावलं नव्हतं. तिचा आवाज कापत होता आणि तो मला ऐकू आला होता. पण बाबा शांत आहेत म्हणजे काही नाही, असं मी धरलं आणि रविवारी येते म्हणाले. चार तासांचं तर अंतर होतं. तुम्हाला दगड म्हटलं की मला तिचा तो प्रश्न थोडा वेळ ऐकू यायचा नाही.

श्राद्धाच्या चार दिवस आधीच येते. पान दोघं मिळून वाढू. ओरडायचं असेल तर तेव्हा ओरडा.

तुमच्या अंगात काय हललं नाही, ते डॉक्टरांनी निदान मोजून तरी दाखवलं. मी तर कधी सिगारेट ओढली नाही, बाबा.

हे वाचूनही माया उरली तर असू द्यावी.

तुमची,
मंजू