किडनीच्या दवाखान्यात सोयरीक

पांढरकवडा,
रविवार

आमचे वडीलधारे साडूभाऊ नानाजी यांना उकंडाचा आदराचा जय भीम. रुक्माबाईंना माझा आणि तुळसाचा दोघांचाही जय भीम सांगावा. तुमच्या उमरखेडाकडे यंदा तूर चांगली आहे असं ऐकून आनंद झाला. इकडे सगळे खुशाल. तुम्ही म्हणाल, खुशाल आहे तर एवढी चार पानं कायले लिहिली? तर त्याचं कारण असं, की माझ्या हातून एक मोठी कामगिरी झाली आहे आणि ती फोनवर सांगण्याजोगी नाही. फोनवर माणूस "हो का, हो का" म्हणतो आणि तिकडे ढोरांना पाणी दाखवत असतो. (तुम्ही नाही, दुसरे लोक.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मी जन्म एसटीच्या स्टिअरिंगवर काढला. विनाअपघात सेवेचा बिल्ला आजही कपाटात आहे, पाहुणे आले की तुळसा नाही म्हणत असली तरी मी तो दाखवतोच. नोकरीत असताना दवाखान्याची पायरी मी फक्त दुसऱ्यांना उतरवून द्यायला चढलो. आणि रिटायर झाल्यावर तर तब्येत अशी काही भरली, की विचारू नका. सकाळी आरशात पाहावं तर गाल वर आलेले, डोळे जरा बारीक झालेले, एकदम मालदार माणसासारखा चेहरा. सेवादास (माझ्याच गाडीवरचा कंडक्टर, आता बसस्टँडसमोर आम्ही रोज चहाला बसतो) म्हणाला, "उकंडा, पेन्शन मानवली तुले." मी छाती काढून घरी आलो.

संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा. मी चपलेवाल्याशी भांडलो, एक नंबर मोठी घेतली. पुढच्या महिन्यात तीही रुतली. परत भांडलो. तो बिचारा म्हणाला, "काका, माणसाचा पाय या वयात वाढत नाही." मी म्हटलं, माझा वाढते. घरी तुळसानं माझ्या नडगीवर अंगठा दाबला, तर भाकरीच्या पिठाच्या मऊ गोळ्यात पडावा तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. ती म्हणाली, "हे भरणं नाही, ही सूज आहे." मी म्हटलं, "तुले माझी तब्येत पाहावत नाही."

आता मधे एक सांगायचं राहिलं. गुडघे दुखतात म्हणून मी मेडिकलमधून गोळ्या आणत होतो, सकाळी एक, रात्री एक, वर्ष होऊन गेलं. फार गुणाची गोळी. उलट बीपीची गोळी मी बंद केली होती, कारण बीपी नॉर्मल आलं होतं. (नॉर्मल आलं तर गोळी कशाला, हा माझा साधा हिशोब. ते गोळीमुळेच नॉर्मल आलं होतं हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे तुळसानं सांगितलं होतं, पण डॉक्टरनं नाही.) रात्री तीनतीनदा उठावं लागे, आणि लघवीला फेस येई, साबणाचं पाणी ओतल्यासारखा. हेही मी सेवादासला विचारलं. तो म्हणाला, "प्रेशर दमदार आहे, म्हणून फेस." मला पटलं. साडूभाऊ, तुम्हालाही पटलं असतं.

तुळसानं गुडघ्याच्या निमित्तानं मला इथल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गुडघा पाहिलाच नाही, रक्त आणि लघवी तपासायला लावली. म्हणाले, लघवीतून प्रोटीन जाऊन राह्यलं, क्रिएटिनिन दोनच्या वर गेलं, हे आता माझ्या हातचं नाही, किडनीच्या डॉक्टरला दाखवा, उशीर करू नका. आता तुम्हीच सांगा. लोकांची शुगर अडीचशे असते, बीपी पावणेदोनशे असतं, आणि माझं जे काय आहे ते फक्त दोन! मी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं. सेवादासनं तर त्या आनंदात हायवेवरच्या एका जडीबुटीवाल्याकडून किडनी धुऊन काढणारा काढा आणून दिला. तो प्यायलो आणि मला दोन दिवस ओकाऱ्या झाल्या. मी म्हणे, "घाण निघून राह्यली." तुळसानं बाटली नालीत ओतली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी बोलली ती एकदम गोड. म्हणाली, यवतमाळला जाणं आहे, राजदीपसाठी मुलगी पाहायला. आमचा राजदीप तिकडेच नोकरीला, हे तुम्हाला माहीत आहे. मी सफारी इस्त्री करून घातली, बिल्ला खिशात ठेवला. राजदीप स्टँडवर घ्यायला आला आणि त्यानं आम्हाला एका दवाखान्यासमोर उतरवलं. "मुलगी इथंच आहे," तुळसा म्हणाली. मी पाटी वाचली: किडनी विकार तज्ज्ञ, डॉ. अर्पिता अमुकतमुक. नानाजी, खोटं सांगत नाही, माझा ऊर भरून आला. उकंडा मुनेश्वरच्या घरात डॉक्टर सून! माझ्या आजोबांनी ज्या गावात वेशीबाहेर दिवस काढले, त्या गावात मी ही बातमी कशी सांगायची याचा विचार करत मी बाकावर ताठ बसून राहिलो.

आत बोलावलं. मुलगी छान, चष्मा लावणारी, बोलण्यात धीट. पोरगी पाहायला गेलो की पहिला प्रश्न आपण विचारतो, पण इथं तीच विचारू लागली. म्हटलं नवा जमाना आहे. "काका, घरात कोणाला किडनीचा त्रास होता का?" मी म्हटलं, आमच्या खानदानात काही खोट नाही. "रात्री किती वेळा उठता?" हा प्रश्न मला जरा आगाऊ वाटला, पण सून होणार म्हणून सांगितलं. मग मीही विचारलं, "स्वयंपाक येते का बाई?" ती हसली. म्हणाली, "येतो काका, पण मी मीठ फार कमी घालते. तुम्हालाही आता तसंच खावं लागेल." मी म्हटलं, राजदीपला चालेल, मी काही रोज तुमच्याकडे जेवायला येणार नाही. एवढ्यात तिनं माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. मी तुळसाकडे पाहिलं. तुळसा भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे पाहत होती.

मी उठून बाहेर आलो. रागानंच. राजदीप गाडी लावायला गेला होता म्हणून व्हरांड्यात थांबलो, तर समोरच्या खोलीत रांगेनं खाटा आणि खाटांशेजारी मशिनी. नळ्यांमधून रक्त फिरताना दिसत होतं. दाराजवळच्या खाटेवर एक जवान माणूस होता. त्यानं मला ओळखलं. "मुनेश्वर काका ना? लहानपणी तुमच्या गाडीनं शाळेत जायचो." बादल नाव त्याचं, आमच्याच तालुक्यातला, ट्रक चालवायचा. मी विचारलं, बाबू, तुले काय झालं? तो म्हणाला, "बीपी होतं काका. माहीतच नव्हतं. मले कधी काही दुखलंच नाही." आठवड्यातून तीनदा येतो. ट्रक विकला. त्याची बायको पायाशी बसून त्याला संत्र्याची एकच फोड देत होती, जास्त चालत नाही म्हणून.

मी परत आत गेलो आणि खुर्चीवर बसलो. म्हटलं, "मॅडम, कुठं काय तपासायचं ते तपासा." (लघवीची बाटली मी काठोकाठ भरून दिली. थोडी दिली तर कंजूषपणा दिसला असता. नर्सनं ती दोन हातांनी, फार आदरानं नेली.)

निकाल असा. माझ्या किडन्या अर्ध्याहून कमी काम करतात. बीपीनं झिजवल्या, वरून त्या गुणाच्या गोळीनं, वरून काढ्यानं. मॅडम म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही काका, पण उरलेलं पुष्कळ वर्षं जपता येतं. मशीन आज लागत नाही. तुम्ही वेळेवर आलात." हे वाक्य मी त्यांना तीनदा म्हणायला लावलं. नानाजी, चहाच्या टपरीवर मी हेच सांगतो: माझी गाडी नोकरीत कधी लेट नव्हती, आणि किडनीच्या डॉक्टरकडेही मी वेळेवर पोहोचलो. आता गुडघ्याची ती गोळी बंद, बीपीची रोज, पापड लोणचं बंद, ठेचाही बिनमिठाचा. (बिनमिठाचा ठेचा खाणं म्हणजे नुसत्या शिव्या खाणं. पण खातो.) चेहरा परत पूर्वीसारखा वाळला आहे. सेवादासला मी बखोट धरून बीपी मोजायला नेलं, तर त्याचं माझ्याहून जास्त निघालं. आता तो टपरीवर सल्ले देत नाही, ऐकतो. तुळसाची हुशारी मी सगळ्यांना सांगतो, मात्र सोयरिकीचा भाग गाळून.

इथेच पुरे करतो. लेकराबाळांना आशीर्वाद, आणि तुम्हा दोघांना पुन्हा एकदा आदरानं जय भीम.

आपला,
उकंडा

ता. क. रुक्माबाईंनी तुळसाला सांगितलं ते माझ्या कानावर आलं. तुमची शुगर पंधरा वर्षांची, आणि हल्ली सकाळी डोळ्यांखाली पिशव्या येतात. तिथल्या डॉक्टरांनी किडनीवाल्याला दाखवा म्हटलं आणि तुम्ही म्हणालात, सोयाबीन निघू द्या. सोयाबीन निघून महिना झाला. पुढच्या बुधवारी माझी फेरतपासणी आहे. माझ्यामागोमाग तुमचा नंबर लावून ठेवला आहे. सकाळच्या गाडीनं निघा. राजदीप स्टँडवर येईल.

आणखी एक. वर मी लय बढाया मारल्या, त्या खऱ्याच आहेत. पण त्या मशिनींच्या खोलीवरून जा लागते नानाजी, अन् मले तिथं पाय उचलत नाही. मागच्या खेपेले तुळसानं हात धरून नेलं. तिच्यासमोर मी भेलो असं दाखवता येत नाही, तुमच्यासमोर दाखवता येते. तुमच्या किडनीसाठी नका येऊ पाहिजे तर. माझ्यासोबत म्हणून या.