वाढत्या खडकाची कॅसेट

लातूर, शनिवार

तीर्थरूप ग्यानोबामामांना निवृत्तीचा जयभीम. सरजामामींनाही, आणि हे पत्र तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या पंचशीलेला त्यातला निम्मा. मामींचे गुडघे कसे आहेत? मुदखेडला टँकर येतो का? इथे तो नवरदेवासारखा येतो, उशिरा आणि रुसून.

मामा, दात गेल्यापासून तुमची सनई पेटीत पडली, हे माझ्या जिवाला लागून राहिलंय. गावकीचं वाजवणं तुम्ही स्वतः सोडलंत, तो तुमचा मान. पण घरातलं वाजवणं दातांनी सोडवलं, हे मला मान्य नाही. त्यावर इलाज सापडलाय, आणि तोही सरकारी कपाटात!

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादशी भावाभावांसारखी वाटणी झाली. आमच्या भूजल कचेरीच्या वाट्याला एक डुगडुगतं टेबल, पाठ नसलेल्या खुर्च्या (पाठी तिकडेच राहिल्या) आणि एक कॅसेट आली. बहात्तरच्या दुष्काळात बोअर मारायला आलेला कुणी गोरा पाहुणा विसरून गेला असणार. वर लिहिलेलं, प्रोग्रेसिव्ह रॉक. आमचे रेवणप्पासाहेब खूश. रॉक म्हणजे खडक, प्रोग्रेसिव्ह म्हणजे वाढत जाणारा. तेव्हा हे बोअरचंच प्रशिक्षण. मागच्या महिन्यात पंधरा गावचे सरपंच बोलावले, सतरंजी अंथरली, टेपचं बटण दाबलं.

आणि मामा, सनई वाजली! म्हणजे सनईच, पण पडसं झालेली. मग ढोल, मग विजेची गिटार अशी कडाडली की पुढच्या रांगेतले दोघे मागे सरकले. ताल पाचावरून सातावर गेला की साहेब पट्टी उगारून सांगत, "बघा, थर बदलला." सरपंच माना डोलवत. मी मात्र पार येडा झालो. अंगावर काटा, डोळ्यांत पाणी (यंदा लातुरात तेवढंच). शेवटी कचेरी झाडणाऱ्या पारूबाईंनी विचारलं, "सायेब, वाजाप लई झालं. नवरदेव कुठं हाय?"

"खालच्या थरात हाय," साहेब म्हणाले.

कॅसेटच्या डबीतला कागद मी डिक्शनरी घेऊन वाचला. हे पडसं झालेल्या सनईसारखं वाद्य विलायतेतलं, चार-पाचशे वर्षांपूर्वीचं, काठीच्या मुठीसारखं वाकडं. सगळे त्याला विसरले होते. कॅसेटमधल्या या पोरांनी ते शोधून गिटारीशेजारी आणून बसवलं. पुढे ऐका. त्याची पत्ती ओठांत धरायचीच नाही! पत्तीवर टोपण असतं, टोपणाच्या भोकातून नुसतं फुंकायचं. दात लागतच नाहीत! मी असा ओरडलो की साहेबांना वाटलं, बोअरला पाणी लागलं.

तर तुमच्या सनईला असं टोपण बसवायची परवानगी द्यावी. उत्तर सावकाश, विचार करून पाठवावं.

आपला भाचा,
निवृत्ती

ता. क. विचार फार करू नये. टोपण तयार आहे. (खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीचं.)

ता. क. पंचशीला, एवढं मनात वाच. पंधरा दिवसांपूर्वी आलो तेव्हा सनई मी पिशवीत घालून पळवली. पेटीत फडक्यात गुंडाळलंय ते लाटणं आहे. मामी शोधत असतील तर तेच. टोपण बसवताना सनईला बारीक चीर गेली, पण आवाज येतो, रेडकाचा का होईना. उद्याचा सोडून पुढच्या रविवारच्या एसटीनं आणतोय, तोवर पेटीची किल्ली लपव.

ता. क. मोठ्यानं वाचलंसच ना? मग मामा, मारायचं असेल तर खुशाल मारा, पाठ घेऊनच येतोय. पण आधी एकदा फुंका.